आखूड नाव आणि लांब नाव : मराठी व्यक्तिनामांच्या मापाचा इतिहास

बारशाच्या आधी आठ-दहा दिवस घरात नावांचा जो खल चालतो, त्यात आजकाल एक प्रश्न हटकून निघतो. नाव दोन अक्षरांचे, सुटसुटीत असावे, की वाडवडिलांच्या नावांसारखे चार-पाच अक्षरांचे, भारदस्त असावे? आखूड नावाचे कैवारी सोयीचा दाखला देतात, लांब नावाचे कैवारी परंपरेचा. या वादात परंपरा लांब नावाच्या बाजूची आहे असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात, आणि नेमके हेच गृहीत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. मराठी व्यक्तिनामांचा जो पुरावा सूत्रग्रंथांत, शिक्क्यांत, दफ्तरांत आणि बोलीत विखुरलेला आहे, तो एकत्र पाहिला म्हणजे असे दिसते की, जुन्या समाजात माणसाला आखूड व लांब अशी दोन्ही नावे असत. प्रश्न निवडीचा नव्हता. कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या जातीच्या माणसाला कोणते रूप लागू करावयाचे याचा होता. दोहोंपैकी एकच निवडण्याची सक्ती ही अलीकडची आहे.

अक्षरसंख्येचा विचार गृह्यसूत्रांइतका जुना आहे. आश्वलायनाच्या मते मुलाचे नाव दोन अक्षरांचे किंवा चार अक्षरांचे असावे. प्रतिष्ठेची इच्छा असेल त्याने दोन अक्षरांचे ठेवावे, ब्रह्मवर्चसाची इच्छा असेल त्याने चार अक्षरांचे. पुरुषांची नावे समसंख्य अक्षरांची आणि स्त्रियांची विषमसंख्य, असा सामान्य नियमही तो देतो. पारस्कराचे मत याच धर्तीचे आहे. बौधायनाच्या परंपरेत सहा आणि आठ अक्षरांचीही मुभा दिलेली आढळते. नावाच्या आरंभी घोषवर्ण असावा, मध्ये अंतःस्थ असावा, नाव कृदन्त असावे, तद्धितान्त असू नये, इत्यादी बारकावे पतंजलीनेही महाभाष्याच्या पहिल्या आह्निकात याज्ञिकांचे मत म्हणून नोंदविले आहेत. तेथेच नाव वडिलांच्या मागील तीन पिढ्यांतील पुरुषांचे अनुसरण करणारे असावे, असाही दंडक आहे. त्याचा मराठी नावांवर झालेला परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

या ठिकाणी दोन गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे. पहिली अशी की, सूत्रकारांनी आखूड नावास कमी लेखलेले नाही. ऐहिक प्रतिष्ठा हवी असेल तर दोन अक्षरेच पुरेशी आहेत, असे ते स्पष्ट सांगतात. दुसरी अशी की, आश्वलायनाने व्यवहारातील नावाखेरीज अभिवादनाचे एक निराळे नाव सांगितले आहे आणि ते उपनयनापर्यंत केवळ आईबापांसच ठाऊक असावे असे म्हटले आहे. म्हणजे एका माणसाला एकाहून अधिक नावे ही कल्पना मुळापासूनच आहे. बाकी सम-विषमाचा नियम कितपत पाळला जाई याविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे. राम आणि भीम ही नावे नियमात बसतात. लक्ष्मण, भरत, अर्जुन, नकुल ही तीन अक्षरी नावे बसत नाहीत, आणि सीता या दोन अक्षरांचे स्त्रीनाम तर नियमाच्या सरळ विरुद्ध आहे. ज्या नावांवरून पुढील पिढ्यांनी आपल्या मुलांची नावे ठेवली, त्या नावांनीच नियम मोडलेला होता.

धर्मशास्त्रापेक्षा व्याकरणशास्त्राचा पुरावा या बाबतीत अधिक मोलाचा आहे, कारण नाव कसे असावे हे सांगण्यापेक्षा लोक ते कसे उच्चारतात हे वैयाकरण नोंदवितो. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात पाणिनीने अनुकंपेच्या, म्हणजे मायेच्या किंवा कीव करण्याच्या अर्थाने मनुष्यनामांना लागणाऱ्या प्रत्ययांचा एक गटच दिला आहे. नाव अनेक स्वरांचे असेल तर हे प्रत्यय लावताना दुसऱ्या स्वरानंतरचा सर्व भाग गळतो. देवदत्त हा देविक, देविय किंवा देविल होतो. भाष्यकारांच्या परंपरेत याहून सोपा प्रकारही मान्य आहे: प्रत्यय न लावता समासाचे एक पद सोडून द्यावे, देवदत्ताला नुसते देव म्हणावे किंवा नुसते दत्त. सत्यभामेची भामा आणि भीमसेनाचा भीम या प्रकारचे आहेत. लक्षात घेण्याजोगे हे की, अनुकंपेच्या या सूत्राच्या जवळच कुत्सेचे, म्हणजे निंदेचे सूत्र आहे. लाडाने आखूड केलेले नाव आणि तुच्छतेने आखूड केलेले नाव शेजारी शेजारी नांदतात, ही गोष्ट पाणिनीच्या ध्यानात होती. मराठी समाजाचा पुढील इतिहास याच शेजाराचा इतिहास आहे.

मराठीत अक्षरसंख्येचा हिशेब संस्कृताप्रमाणे करता येत नाही. सूत्रांचा नियम ज्या भाषेसाठी केला, त्या भाषेत अंत्य स्वर उच्चारला जात असे. मराठीत शब्दाच्या शेवटचा अकार लोपतो. राम लिहिताना दोन अक्षरे, उच्चारताना एकच अवयव. अरुण लिहिताना तीन, उच्चारताना दोन. जोडाक्षरानंतरचा अकार किंचित उरतो, पण तोही ओढगस्तीनेच. त्यामुळे शास्त्रीबुवांनी सम अक्षरांचे म्हणून काढून दिलेले नाव अंगणातून हाक मारताना विषम होते. याचा एक सहज परिणाम असा की, व्यंजनान्त झालेले नाव हाकेला पुरत नाही, त्याला शेवटी स्वर लागतो. रामचा रामू किंवा रामा होतो. एका अवयवाचे नाव याप्रमाणे वाढते; उलट पुरुषोत्तमाचा पुरू, सदाशिवाचा सदू, दत्तात्रेयाचा दत्तू, पांडुरंगाचा पांडू, विठ्ठलाचा विठू होतो. गोदावरीची गोदू, भागीरथीची भागू, सरस्वतीची सरू. मूळ नाव एका अवयवाचे असो की पाच अवयवांचे, घरात ते दोन अवयवांवर येऊन ठरते. नाव तोडण्याची जागाही पाणिनीने देवदत्तासाठी सांगितलेलीच आहे: दुसऱ्या स्वराच्या आतला भाग ठेवावयाचा आणि पुढे प्रत्यय जोडावयाचा. देव् आणि इक, तसा सद् आणि ऊ. यावरून मराठीने ही रीत पाणिनीकडून घेतली असे म्हणण्याचे कारण नाही. तोंडाची सवय व्याकरणाहून जुनी असते, एवढेच यातून निघते.

ही सवय किती बळकट आहे याचा उत्तम पुरावा बाहेरून आलेल्या नावांत सापडतो. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायली समाजाने बायबलातील नावे टिकविली, पण ती मराठी मापाने कापून घेतली. अब्राहामचा अबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. हिब्रू नावाचा पहिला भाग ठेवून त्याला जी जोडावयाचा, ही कृती महादेवाचा महादजी करण्याच्या कृतीहून निराळी नाही. गोव्यातही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले लांबलचक पोर्तुगीज नाव घरी टिकत नसे. सेबास्तियांवचा बस्त्यांव आणि पेद्रोचा पेद्रू तेथील बोलीने करून घेतला.

यादवकालीन व महानुभावीय वाङ्मयात नावांच्या मापाकडे पाहिले तर आदरार्थी प्रत्ययांनी नाव वाढविण्याची रीत तेव्हाच पक्की झालेली दिसते. लीळाचरित्रातील बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा या नावांतील शेवटचा भाग आदराचा आहे. नागदेवाचार्यांना भटोबास म्हणतात, त्यातही तीच वृत्ती आहे. राजनामांत मात्र दोन रूपे शेजारी शेजारी चालत. संस्कृत लेखात कृष्ण, तर देशी लेखात कान्हर किंवा कान्हरदेव. संस्कृतात हेमाद्री, तर लोकांत हेमाडपंत; येथे देशी रूप लांब झाले, हे विशेष.

वारकरी संतांच्या अभंगातील नाममुद्रा हा या विषयाचा सर्वांत रम्य भाग होय. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सामान्यतः सहा सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. नामदेव, तुकाराम, जनाबाई, चोखामेळा यांनी आपल्या नावांची दोन अक्षरी रूपे मुद्रेसाठी घेतली. नामा, तुका, जनी, चोखा यांपुढे 'म्हणे' आले की चार अक्षरे भरतात आणि सहा अक्षरांच्या चरणात दोन अक्षरांचा अवकाश उरतो. आशयाचा आरंभ त्या दोन अक्षरांत होतो. ज्ञानदेव हे चार अक्षरी नाव त्याच ठिकाणी आले की चरण पूर्ण होतो. एकनाथांनी आपल्या नावाचे 'एका' करून गुरूचे नाव जोडले, तेव्हा तीही बरोबर सहा अक्षरे झाली. ज्ञानदेवांच्या काही अभंगांत बापरखुमादेविवरु ही नऊ अक्षरांची मुद्रा येते, ती याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. छंदाची सोय हे आखूड मुद्रेचे एक कारण झाले. दुसरे कारण नम्रतेचे आहे. देवापुढे उभे राहताना जी, राव, पंत ही सर्व वस्त्रे उतरवावयाची असतात. तुका हे रूप देवापुढे लहान होण्यासाठी स्वतः घेतलेले आहे. गावच्या पाटलाने किंवा सावकाराने तेच रूप वापरले असते तर त्याचा अर्थ अगदी निराळा झाला असता.

शिवकालात या प्रश्नाला राजकीय अंग येते. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेत नाव 'शिव' एवढेच आहे; जी नाही, राजे नाही. वडिलांचे नावही शाह एवढेच. अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांत देशी प्रत्ययांना जागा नव्हती हे खरे, पण त्याखेरीज असेही दिसते की, संस्कृतात दोन अक्षरी नाव हे राजनामच ठरते, त्याला वाढविण्याची गरज नसते. संभाजी महाराजांच्या मुद्रेतही शंभू आणि शिव ही मूळ रूपेच आहेत. मराठी पत्रांत मात्र तेच नाव 'राजश्री शिवाजी राजे' असे वाढते, आणि घरगुती आठवणींच्या परंपरेत ते शिवबा होते. एका पुरुषाचे नाव तीन भाषिक प्रसंगांत तीन मापांचे होते, आणि कोणत्याही एका मापास खरे व इतरांस खोटे म्हणता येत नाही.

कारकुनी आणि मुत्सद्दी वर्गाच्या नावांत याच काळात एक ठाशीव रूप आढळते: मोरो त्रिंबक, निळो सोनदेव, अण्णाजी दत्तो, पुढे नारो शंकर, रंगो बापूजी. मोरेश्वराचा मोरो, नीळकंठाचा निळो, नारायणाचा नारो, रंगनाथाचा रंगो. ही लाडकी नावे नव्हेत. ती सरकारी कागदावर, सहीशिक्क्याच्या व्यवहारात चालतात आणि पुढे बापाचे नाव जोडून पूर्ण होतात. पहिले नाव आखूड आणि त्यापुढे दुसरे जोडलेले, अशी ही योजना मोडी लेखणीला सोयीची होतीच; पण तिचे खरे बळ दोन नावांच्या जोडणीत होते. नारो पुष्कळ असत, नारो शंकर मात्र नेमका कोण हे दरबारात कोणास विचारावे लागत नसे.

पेशवे घराण्यात हीच गोष्ट आणखी एका कारणाने गुंतागुंतीची होते. पहिल्या बाजीरावांचे मूळ नाव विसाजी. ते आजोबांचे, म्हणजे विश्वनाथांचे नाव. बाजीरावांचे पुत्र बाळाजी, तेही आजोबांच्या नावाने. बाजीरावांच्या शिक्क्यात 'बाजीराव बल्लाळ' असे आहे. तेथे बल्लाळ म्हणजे बाळाजीच. नाना फडणीसांचे नाव बाळाजी जनार्दन, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादेव भानू. पतंजलीने नोंदविलेली पूर्वजांच्या अनुसरणाची रीत दोन हजार वर्षांनंतर पुण्यात जिवंत होती. आता अडचण अशी की, सून सासऱ्याचे नाव घेत नाही. मुलाचे नाव सासऱ्याचेच असेल तर आई मुलाला हाक कशी मारणार? या अडचणीतून नाना, भाऊ, दादा, बापू, अप्पा, तात्या, बाळ या दोन अक्षरी संबोधनांचा एक समांतर संसारच उभा राहिला. बाळाजी बाजीराव हे नानासाहेब झाले, सदाशिवराव भाऊसाहेब झाले, रघुनाथराव दादासाहेब. येथे आखूड नाव हे लांब नावाचे संक्षिप्त रूप नाही. ते लांब नावावर घातलेले पांघरूण आहे. पुढे पांघरुणालाच इतका मान आला की, पानिपताच्या कथनास भाऊसाहेबांची बखर हेच नाव मिळाले.

संशोधकाच्या दृष्टीने हा प्रकार निव्वळ कौतुकाचा नाही. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर पंचेचाळीस भागांत छापले गेले. त्यांतील कागद वाचताना नाना कोणते, दादा कोणते, बापू म्हणजे सखाराम बापू की आणखी कोणी, हे दर वेळी पत्राच्या मितीवरून, मायन्यावरून आणि लिहिणाऱ्याच्या नात्यावरून ठरवावे लागते. सूची करताना आखूड नावांचे एक माणूस समजून दोन माणसे एकत्र करणे, किंवा आखूड व लांब नावे निराळी समजून एका माणसाचे दोन करणे, या दोन्ही चुका सारख्याच सुलभ आहेत. यांपैकी दुसरी चूक अधिक घातक म्हणावी लागेल. पहिलीत विसंगती लवकर उघडी पडते. दुसरीत एका माणसाचे अर्धे आयुष्य सूचीबाहेर राहून जाते आणि त्याची कोणास चुकचुकही लागत नाही.

आतापर्यंतची सर्व उदाहरणे ज्यांना लांब नाव सहज मिळत होते अशांची आहेत. गावातील महजर उघडला म्हणजे दुसरी बाजू दिसते. महजरावर हजर असणाऱ्यांच्या नावांना जातीप्रमाणे शेवट असतात. सोनार-वाण्यांना शेट, भिक्षुकांना भट, पाटलांना जी, महारांना नाक. नाक या शब्दाची व्युत्पत्ती काही विद्वान नागापासून लावतात, काही नायकापासून; दोन्हीही मानाचीच म्हणावी लागेल. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मारकस्तंभावर पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत, त्यांचा शेवट नाक असाच आहे. पण गावच्या व्यवहारात हे पूर्ण रूप दररोज उच्चारले जात होते असे नाही. बलुतेदाराला आणि विशेषतः अस्पृश्याला हाक मारताना नाव दोन अवयवांवर आणून शेवटी 'या' लावावयाचा, ही रीत होती: धोंड्या, गण्या, शिद्या. समवयस्क मित्राने हाच 'या' लावला तर तो जवळिकीचा. चावडीवरून लावला तर तो दरडावणीचा. ज्याच्या नावाला जी किंवा राव लागू शकत होता तो त्याला गण्या म्हणे, आणि ज्याला गण्या म्हटले जाई त्याला उलट उत्तरात आखूड रूप वापरण्याची सोय नव्हती. नावाच्या मापाचा प्रश्न या ठिकाणी आवडीनिवडीचा राहत नाही.

सातारच्या शाळेच्या नोंदवहीतील ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. त्या दिवशी दाखल झालेल्या मुलाचे नाव भिवा असे लिहिलेले आहे. पुढे ते भीमराव रामजी आंबेडकर झाले. वडिलांच्या रामजी आणि आजोबांच्या मालोजी या दोन्ही नावांत जी आहे, आणि दोघांनीही लष्करात नोकरी केलेली होती. भिवा ते भीमराव हे अंतर दोन अक्षरांपासून चार अक्षरांपर्यंतचे आहे. नोंदवहीत ते लहान दिसते. मात्र आंबेडकरी चळवळीने ज्या गोष्टींचा आग्रह धरला त्यांत पूर्ण नावाने संबोधले जाण्याचा हक्क ही एक होती, हे विसरून त्या काळातील नावांचा इतिहास लिहिता येणार नाही. लांब नाव म्हणजे बडेजाव असे आज जो सहज म्हणतो, त्याच्या पूर्वजांना ते बहुधा मागावे लागलेले नसते.

नावाच्या लहानपणाला आणखी एक कारण होते, ते भीतीचे. मुले जगत नसली की पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू असे ठेवावयाचे, म्हणजे मृत्यूची नजर त्यावर पडू नये. ही नावे बहुधा दोन अक्षरी आहेत आणि ती उच्चवर्णीयांतही होती. महर्षी कर्वे यांचे धोंडो हे नाव याच जातीचे. मुलींच्या बाबतीत भीतीची जागा नकोशेपणाने घेतली. नकुसा हे नाव सातारा जिल्ह्यात इतके रूढ झाले होते की, २०११ मध्ये तेथील जिल्हा परिषदेने अशा दोनशेंहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली.

स्त्रियांच्या नावांची कथा निराळीच आहे, कारण त्यांचे नाव आयुष्यात एकदा बदलावयाचेच असे. लग्नात तांदळाच्या ताटात सासरचे नाव लिहिले जाई. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना. १८७३ मध्ये लग्न झाल्यावर त्या रमा झाल्या. महर्षी कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झालेल्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. तिन्ही उदाहरणांत नदीचे नाव जाऊन दुसरे आले. मनूने वधूचे नाव नदीवरून असू नये असे म्हटले आहे. त्या वचनाचा येथे काही संबंध होता असे म्हणण्यास आधार नाही, पण मराठी घरे आपल्या मुलींना गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी ही नावे त्या वचनाची पर्वा न करता देत होती, एवढे निश्चित. अक्षरांच्या दृष्टीने पाहता यमुनेची आनंदी होताना तीनाची तीनच अक्षरे राहिली, रमा होताना दोन झाली. विषम अक्षरांचा सूत्रनियम कोणी मोजून पाहिला असेल असे वाटत नाही. हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीची नायिका यमू याच नावाने मराठी वाचकांच्या मनात राहिली, ही गोष्टही या संदर्भात आठवते. नवऱ्याचे नाव मात्र स्त्रीने एरवी घ्यावयाचेच नाही, आणि उखाण्यात घ्यावयाचे ते रावासह पूर्ण.

एकोणिसाव्या शतकात शाळा, छापखाना आणि सरकारी नोकरी यांनी नावाचा साचा बदलला. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी त्रिपदी रूढ झाली. 'बिन' आणि 'कोम' हे कागदोपत्रीचे जोडशब्द हळूहळू मागे पडले. या त्रिपदीत कोणते रूप शिरले हे पुष्कळदा योगायोगावर अवलंबून होते. लोकमान्य टिळकांचे ठेवलेले नाव पणजोबांचे, म्हणजे केशव. घरात ते बाळ होते. बाळ हेच शाळेत आणि पुढे जगात गेले, आणि केशव चरित्रग्रंथांच्या पहिल्या प्रकरणापुरता उरला. पांघरूण मूळ नावाच्या जागी बसल्याचे याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. समुद्रापार मॉरिशसमध्ये गेलेल्या मराठी मजुरांच्या बाबतीत तर घरगुती रूपच परक्या कारकुनाच्या वहीत जाऊन कुळनाव बनले. गणू आणि बापू यांसारखी आडनावे तेथे आढळतात.

त्रिपदी नाव लांब झाल्याबरोबर छापखान्याने त्याचा संक्षेप शोधला. वि. का. राजवाडे, न. चिं. केळकर, वि. स. खांडेकर ही आद्याक्षरांची पद्धत मराठी ग्रंथव्यवहारात जेवढी मुरली तेवढी शेजारच्या हिंदीत मुरलेली दिसत नाही. आणि आद्याक्षरेही बोलीच्या जुन्या मापातून सुटली नाहीत. पु. ल. देशपांडे यांचे पुलं झाले, ग. दि. माडगूळकरांचे गदिमा. पुरुषोत्तमाचा पुरू होणे आणि पुरुषोत्तम लक्ष्मणाचे पुलं होणे या दोन क्रियांत दोन अवयवांची तीच जुनी ओढ आहे. पुलंमध्ये अनुस्वाराने आदरार्थी बहुवचन तेवढे जोडले. नारायण मुरलीधर गुप्ते यांनी 'बी' हे एकाक्षरी टोपणनाव घेऊन या बाबतीत सर्वांवर कडी केली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पणजोबांचे नाव ठेवण्याची चाल शिथिल झाली, सासऱ्याच्या नावाचा निषेध गेला, राव आणि पंत हे प्रत्यय औपचारिक प्रसंगांपुरते उरले. नावावर पांघरूण घालण्याचे कारण संपल्यावर घरगुती नावाचे माप थेट पाळण्यातल्या नावाला देण्यास अडथळा राहिला नाही. आजची दोन अक्षरी नावे ही पूर्वीच्या लांब नावांची गरीब वारस नसून पूर्वीच्या घरगुती नावांची थोरली वारस आहेत. पूर्वी जे स्वयंपाकघरात चालत असे ते आता दाखल्यावर आले. त्याचा एक दुष्परिणामही झाला आहे: नाव आधीच दोन अवयवांचे असल्यामुळे त्यातून आणखी आखूड लाडके रूप काढण्यास जागा नसते, आणि मग घरात पिल्लू, सोनू, बंटी असे सर्वस्वी निराळे शब्द शिरतात. एकाऐवजी दोन नावे हा जुना नियम अशा रीतीने मागच्या दाराने परत येतो.

निवडीची सक्ती वाढविली ती कायद्याने. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यान्वये नावाशिवायही जन्माची नोंद होऊ शकते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि नियमांनुसार पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. बारशाचा बारावा दिवस चुकला तरी नोंदवहीची पंधरा वर्षे हाताशी होती, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पुढे जन्मणाऱ्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, सरकारी नेमणूक इत्यादींसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतिथीचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला. भिवाचा भीमराव किंवा केशवाचा बाळ होण्यास पूर्वी एक शिक्षक आणि एक नोंदवही पुरत असे. आता दाखल्यावरील रूप आयुष्यभर पुढे चालते. महाराष्ट्र शासनाने याच सुमारास आणखी एक बदल केला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने चार पदे लिहावयाची आहेत. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांच्या कोरीव लेखांनंतर, म्हणजे सुमारे अठरा शतकांनी, आईची ओळख महाराष्ट्रातील राजमान्य लेखनात मुलाच्या नावाशी अशी नियमाने जोडली जात आहे. पाळण्यातले नाव दोन अक्षरांचे राहिले तरी दाखल्यावरची ओळ त्यामुळे एका पदाने लांबली आहे.